पदवीवाचून आकाश

खगोलशास्त्र शिकायचे तर आधी बारावी विज्ञान, मग भौतिकशास्त्राची पदवी, मग पुण्यामुंबईच्या एखाद्या संस्थेत प्रवेश, असा एकच रस्ता आपल्याकडे गृहीत धरलेला असतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या धानपट्ट्यातल्या आसगावसारख्या गावात ज्या मुलामुलींचे शिक्षण दहावी-बारावीला थांबते, त्यांनी आकाशाचा नाद सोडावा असे त्यांना तोंडावर कोणी सांगत नाही. पण या विषयाचे पुस्तक त्यांच्या हातात कोणी ठेवत नाही, त्यांनी काय पाहिले याची चौकशी कोणी करत नाही, आणि नकार न देताच दार बंद होते. हे दार बंद असण्याचे काही कारण नाही, असे माझे म्हणणे आहे. महाविद्यालयात न जाता, घरी राहून खगोलशास्त्र खऱ्या अर्थाने शिकता येते, आणि मराठी माणसांनी ते पूर्वी करून दाखवले आहे. मात्र त्याला एक अट आहे. ती दुर्बिणीची नाही, इंग्रजीची नाही, असामान्य बुद्धीचीही नाही. जे पाहिले ते मोजायचे, लिहून ठेवायचे आणि तपासू शकेल अशा दुसऱ्या माणसाकडे पाठवायचे, ही ती अट. ज्यांनी ती पाळली ते शास्त्राच्या कामी आले. ज्यांना ती पाळण्याची सोयच नव्हती, त्यांची असामान्य बुद्धीही अर्ध्या वाटेवर अडली.

महाविद्यालय नेमके काय देते? ते माहिती देते, ती कोणत्या क्रमाने शिकायची हे ठरवून देते, चूक दाखवणारा परीक्षक देते आणि बरोबरीने शिकणारी माणसे देते. पदवीचा कागद या चारांच्या मागून येतो. यातली माहिती आता कोणाच्या कुलपात राहिलेली नाही. खगोलशास्त्रातले बहुतेक नवे शोधनिबंध १९९०च्या दशकापासून आर्काइव्ह नावाच्या खुल्या संग्रहात ठेवले जातात आणि कोणालाही फुकट वाचता येतात. युरोपच्या गाया यानाने तयार केलेल्या तिसऱ्या यादीत सुमारे १८० कोटी ज्योतींच्या नोंदी आहेत. त्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या प्राध्यापकाला जशा मिळतात तशाच आसगावच्या मोबाइलवरही उतरवून घेता येतात. क्रम चांगल्या पुस्तकातून मिळू शकतो. परीक्षकाच्या बाबतीत तर खगोलशास्त्र इतर शास्त्रांपेक्षा उदार आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, वैद्यकाला रुग्णालय लागते. इथे अभ्यासाची वस्तू प्रत्येक अंगणावर आहे आणि तिचे वागणे आधी गणिताने सांगून नंतर डोळ्यांनी पडताळता येते. चंद्र रोहिणीजवळ किती वाजता येईल हे मांडलेले गणित चुकले, तर ते त्याच रात्री कळते. उरते ती चौथी गोष्ट, माणसे. घरी शिकणाऱ्याची खरी उणीव तिथेच आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूडला जन्मलेल्या दीक्षितांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, १८७४ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुढचे आयुष्य शिक्षकी पेशात काढले. ज्योतिषाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नोकरी सांभाळून त्यांनी सिद्धांतग्रंथ, करणग्रंथ आणि पंचांगे वाचली, त्यांतली गणिते स्वतः करून पाहिली आणि १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा हा इतिहास आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. त्याआधी सामान्य वाचकासाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले होते, म्हणजे घरी शिकणाऱ्यासाठी मराठीत पुस्तक हवे हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. १८९६ मध्येच मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत त्यांचा 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. शिलालेखांवरच्या तिथ्या आजच्या तारखांत कशा बसवायच्या, याची कोष्टके त्यात होती. १८९८ मध्ये दीक्षित वारले तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या बुद्धीचे कौतुक आपण करतो, पण त्यांच्या पद्धतीकडे कमी लक्ष देतो. आपले गणित त्यांनी वहीत झाकून ठेवले नाही. ज्यांना ते खोडून काढता येईल अशा माणसांपुढे ते मांडत राहिले.

याचा उत्तम दाखला म्हणजे त्यांचा कृत्तिकांविषयीचा निष्कर्ष. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, अशा अर्थाचे विधान शतपथ ब्राह्मणात आहे. दीक्षितांनी ते डोळ्यांनी केलेले निरीक्षण मानले आणि कृत्तिका अचूक पूर्वेला केव्हा उगवत असतील याचे गणित केले. उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर पूर्ण करतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सावकाश सरकतात. सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे. त्या विधानाचा अर्थ असाच घ्यावा का, ते लिहिणाऱ्याच्या काळचे आहे की जुन्या परंपरेतून आलेले, यावर विद्वानांनी पुढे बरेच आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. माझ्या दृष्टीने इथे वाद होऊ शकला हेच महत्त्वाचे. एका शाळाशिक्षकाने आकडा दिला, तो कसा काढला ते सांगितले, म्हणून त्याला उत्तर देणे भाग पडले. आणि यातला आकाशाचा भाग आसगावला आजही तपासता येतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यांतला सर्वांत आधी उगवणारा तारा आज जवळजवळ अचूक पूर्वेला उगवतो. कृत्तिका त्याच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सुमारे २६ अंश सरकून उगवतात. हात ताठ पुढे धरला तर मूठ साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे अडीच मुठींहून थोडे जास्त अंतर. ज्याने हे अंतर एका हिवाळ्यात स्वतः मोजले, त्याला पाच हजार वर्षांतले आकाशाचे सरकणे पाठ करावे लागत नाही.

व्यंकटेश बापूजी केतकरांचे उदाहरण अधिक बोचरे आहे आणि म्हणून अधिक उपयोगी. १८५४ ते १९३० हा त्यांचा काळ. पेशाने तेही शाळामास्तर, बागलकोटला शिकवणारे. युरोपीय कोष्टकांतले नवे आकडे त्यांनी 'ज्योतिर्गणितम्'सारख्या संस्कृत ग्रंथांत उतरवले, कारण पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह एकाच जागी असला पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे भाकीत प्रसिद्ध केले. पहिल्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि फेरी २४८ वर्षांची निघाली. आपल्याकडे ही गोष्ट इथेच थांबवून अभिमानाने सांगितली जाते. तसे करणे केतकरांवरही अन्याय आहे. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्श्याएवढे आहे. त्याच्या ओढीने मोठ्या ग्रहांच्या मार्गात जाणवण्याजोगा फरक पडूच शकत नाही. आकडे जुळले ते योगायोगाने, आणि त्यांचा दुसरा ग्रह तर कधी सापडलाच नाही. पण घरी शिकलेला माणूस असाच चुकायचा, असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. हार्वर्डमध्ये शिकलेल्या, स्वतःची वेधशाळा असलेल्या पर्सिव्हल लोवेल यांनीही त्याच काळात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे गणित केले होते आणि तो पृथ्वीच्या जवळपास सातपट जड असेल असे म्हटले होते. तेही तितकेच चुकले. ती चूक त्या काळाच्या आकडेवारीची होती, शिक्षणाच्या अभावाची नव्हती. केतकरांनी भाकीत आकड्यांसह छापले होते म्हणूनच आज ते कुठे चुकले हे आपण सांगू शकतो, आणि हा मान मोघम बोलणाऱ्याला कधी मिळत नाही.

प्लूटो ज्याला सापडला त्या क्लाइड टॉम्बॉची हकिगत धान उत्पादकांच्या मुलखात तर सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात त्याच्या घरची शेती होती. गारपिटीने पीक गेले आणि महाविद्यालयात जाण्याचा बेत बुडाला. त्याने घरीच आरसे घासून दुर्बिणी बनवल्या, मंगळ आणि गुरूवर दिसलेले तपशील कागदावर काढले आणि ती चित्रे लोवेल वेधशाळेला पाठवली. तिथल्या संचालकांनी उत्तर दिले, १९२९ मध्ये कामाला बोलावले, आणि १८ फेब्रुवारी १९३० रोजी चोवीस वर्षांच्या टॉम्बॉला छायापत्रांवर तो सरकणारा ठिपका दिसला. पदवी त्याने त्यानंतर घेतली. या हकिगतीत लोक आरसे घासणे लक्षात ठेवतात. मला महत्त्वाची वाटते ती टपालात टाकलेली चित्रे, आणि त्यांना आलेले उत्तर.

उत्तर देणारे कोणी नसेल तर काय होते, हे ओडिशातल्या खंडपड्याच्या सामंत चंद्रशेखरांच्या कामात दिसते. १८३५ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने संस्कृत सिद्धांतग्रंथ घरी वाचले, बांबू आणि लाकडाची साधने स्वतः बनवली आणि केवळ डोळ्यांनी वेध घेऊन चंद्राच्या गतीतले असे बारकावे पकडले जे जुन्या ग्रंथांत नव्हते. ही भारताच्या शास्त्रीय इतिहासातली थोर कामगिरी आहे. तरीही त्यांनी मांडलेल्या विश्वात ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि तो सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. युरोपात हा प्रश्न दोन शतकांपूर्वी निकालात निघाला होता, आणि ते कळवणारे त्यांच्या भोवती कोणी नव्हते. कटकच्या महाविद्यालयातले योगेशचंद्र राय त्यांच्या संपर्कात आले, आणि १८९९ मध्ये सामंतांचा 'सिद्धांतदर्पण' हा ग्रंथ छापून निघाला, तोवर आयुष्याची संध्याकाळ झाली होती. याच्या शेजारी बंगालमधल्या जेसोरच्या राधागोविंद चंद्रांना ठेवून पाहा. मॅट्रिक तीनदा नापास, ट्रेझरीत नाणी मोजण्याची नोकरी, हाताशी तीन इंची दुर्बीण. बुद्धीने ते सामंतांच्या पंक्तीतले होते असे कोणी म्हणणार नाही. पण १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात अचानक उजळलेला नवा तारा त्यांनी पाहिला, नोंद हार्वर्डला पोचली, आणि चंचल ताऱ्यांची निरीक्षणे गोळा करणाऱ्या अमेरिकी संघटनेशी त्यांचे नाते जुळले. त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली. त्यांनी आयुष्यभरात ३७ हजारांवर निरीक्षणे धाडली. ती आजही संघटनेच्या संग्रहात आहेत आणि वापरली जातात. दोघेही घरी शिकले. फरक पडला तो पत्रव्यवहाराने.

मग आसगावला सुरुवात कशाने करावी? माझे मत असे की दुर्बीण सर्वांत शेवटी घ्यावी आणि काठी सर्वांत आधी. सपाट जमिनीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. पहिला धडा सावली मोजण्याआधीच मिळतो, कारण ती घड्याळात बारा वाजता आखूड होत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे, आसगाव त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सरासरी अकरा मिनिटांचा उशीर होतो. त्यात पृथ्वीच्या लंबगोल मार्गाचा आणि कललेल्या अक्षाचा परिणाम मिसळून खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी बाराच्या थोडी आधी, तर फेब्रुवारीत जवळजवळ बारा पंचवीसला येते. आसगाव सुमारे पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सावली साधारण ३८ सेंटिमीटर पडेल, २१-२२ डिसेंबरला ९७ सेंटिमीटर. मेच्या २४ तारखेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येऊन ती नाहीशी होईल, आणि २१ जूनला पाचएक सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेला पडेल. डिसेंबर आणि जूनच्या सावल्यांचे कोन काढून वजाबाकी केली आणि तिचे अर्धे केले की गावाचा अक्षांश मिळतो. बेरीज करून अर्धे केले की पृथ्वीच्या अक्षाचा कल मिळतो, साडेतेवीस अंशांच्या जवळ. दहावीच्या त्रिकोणमितीत हे सगळे बसते.

आणि चूक किती झाली तेही यातच शिकता येते. विषुवदिनी सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तर कोन पाव अंशाने चुकतो, म्हणजे जमिनीवर सुमारे २८ किलोमीटर. त्या हिशोबाने आसगाव भंडारा शहराच्या निम्म्याहून अधिक वाटेवर जाऊन बसते. सूर्य स्वतः अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड पुसट असते, मग कड कुठली धरायची हे ठरवून तेच वर्षभर पाळावे लागते. शास्त्रात मोजमापाइतकीच त्यातल्या संभाव्य चुकीची नोंद का महत्त्वाची, हे एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकवले जात असेल असे मला वाटत नाही. पण पृथ्वीचा घेर काढायचा तर एका काठीने भागत नाही. चेन्नई आसगावच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ८५० किलोमीटरवर आहे. तिथल्या कोणी त्याच विषुवदिनी तशीच काठी उभी केली तर सावली २३ सेंटिमीटर भरेल. दोन कोनांतला फरक ७.७ अंश, आणि त्यावरून घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. दोन गावे आणि एक फोन. घरी शिकण्याला दुसरा माणूस लागतो हे सिद्ध करायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही शाळेतली करामत झाली. आजचे खगोलशास्त्र कृष्णविवरांचे आणि गुरुत्वीय लहरींचे आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना आहेत, हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे, तिथे काठी काय करणार? आक्षेप खरा आहे आणि त्याला मी आडवळणाने उत्तर देणार नाही. त्या संस्थांत संशोधक म्हणून काम करायचे तर पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी लागतेच, आणि ज्याला महाविद्यालयात जाणे शक्य आहे त्याने जावे. टॉम्बॉही गेला. पण शास्त्राची सगळी कामे मोठ्या यंत्रांवर होत नाहीत. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी हा तांबडा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. हे मोजायला त्याची रोहिणीशी आणि प्रश्वाशी तुलना करणारा डोळा पुरेसा होता, आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी संशोधकांनी वापरल्या. ययाती तारकासमूहातली मायावती ही तारका दर दोन दिवस एकवीस तासांच्या सुमारास काही तास मंद होते. तिचा हा नेम १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या तरुणाने नुसत्या डोळ्यांनी बघून मांडला, आणि एक तारा दुसऱ्याला झाकत असावा ही कल्पनाही तेव्हाच पुढे आली. ताऱ्यांवर सतत लक्ष ठेवायला मोठ्या दुर्बिणींना वेळ नसतो. त्यांचा एकेक तास आधीच वाटून दिलेला असतो. गावातल्या माणसाकडे वेळच तर असतो, शिवाय शहराच्या झगमगाटापासून दूर असलेले, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलालगतचे आकाश असते. लंडनहून कधीच न दिसणारा अगस्ती इथे दक्षिणेला सोळा अंश चढतो. उन्हाळ्याच्या आरंभी रात्री क्षितिज मोकळे असेल तर त्रिशंकूही दिसतो.

दुसरा आक्षेप गणिताचा आणि इंग्रजीचा. गणिताशिवाय चालेल असे सांगणारे लोक शिकणाऱ्याचे नुकसान करतात. ते लागतेच. पण ते एकदम लागत नाही, आणि ज्या क्रमाने लागते तो क्रम आकाशच ठरवून देते: सावलीला त्रिकोणमिती, ग्रहाच्या उगवत्या जागेला गोलावरची भूमिती, केपलरच्या नियमांना घातांक, मग न्यूटनसाठी कलनशास्त्र. गरज पडली म्हणून शिकलेले सूत्र परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या सूत्रापेक्षा जास्त टिकते, असे मला तरी वाटते. भाषेचे म्हणाल तर पहिली दोन-तीन वर्षे मराठीत निघू शकतात. मराठी विश्वकोश फुकट वाचायला मिळतो, जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आहे. त्यापुढे मात्र इंग्रजी वाचावेच लागते, दीक्षितांनाही वाचावे लागले. वाचण्यापुरते इंग्रजी आणि बोलण्यातले इंग्रजी यांत मोठा फरक आहे. पहिल्यासाठी शब्दकोश आणि चिकाटी पुरते.

धानपट्ट्यात आणखी एक अडचण सांगितली जाते, ती वेळेची आणि मुलींच्या बाबतीत रात्रीची. रोवणीच्या दिवसांत चिखलातून आल्यावर कोण तारे बघणार, आणि मुलीला रात्री अंगणात एकटीला कोण थांबू देणार? जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश बहुधा झाकलेलेच असते, त्यामुळे रोवणीचा आणि निरीक्षणाचा काळ सहसा एकमेकांवर येत नाही. तो गणिताचा काळ मानावा. मुलींवरच्या बंधनांचे समर्थन होऊ शकत नाही, पण ती सुटेपर्यंत अभ्यास थांबवण्याचीही गरज नाही. सावली दुपारची आहे, चंद्राच्या कला दिवसाउजेडीही दिसतात, सूर्योदयाची जागा क्षितिजावरच्या झाडांच्या खुणेने वर्षभर नोंदवता येते. शिवाय ज्या शेतकऱ्याला ७-८ जूनला मृग लागतो हे माहीत असते, त्याच्याच घरात एक सुंदर प्रश्न पडून आहे. मृग लागला म्हणतात त्या दिवसांत मृग दिसत का नाही? सूर्यच तिथे असतो म्हणून, आणि म्हणूनच डिसेंबरच्या मध्यरात्री तो माथ्याजवळ असतो. नक्षत्र लागण्याची तारीखही साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. शिवाजी महाराजांच्या काळी मृग, आजच्या कॅलेंडरने मोजले तर, पाचएक दिवस आधी लागत असे. आकाशाचे असे ज्ञान या भागात पोथीबाहेरही आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्रातल्या सुमारे पंधरा गोंड गावांत फिरून २०१३ मध्ये दाखवले की गोंडांची आकाशाकडे पाहण्याची रीत इतरांहून वेगळी आणि स्वतंत्र आहे. आपल्या आजीला कोणते तारे कोणत्या नावाने माहीत आहेत याची नोंद करणे हेही शास्त्राचे काम आहे, आणि ते पुण्याच्या प्राध्यापकापेक्षा तिची नात चांगले करू शकते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. एकट्याने शिकणारा माणूस भरकटतो. आइन्स्टाइन चुकला असे सिद्ध करणारी वही घेऊन फिरणारे, ग्रहांच्या युतीवरून भूकंप सांगणारे, पत्रिका पाहू लागलेले, असे लोक सर्वत्र आहेत, आणि त्यांतले बरेच जण प्रामाणिक आणि कष्टाळू असतात. मोबाइलवरच्या चित्रफितींनी हा धोका वाढवला आहे, कारण त्यांत सगळे समजल्यासारखे वाटते आणि कसोटी कुठेच लागत नाही. आकाशाचा नकाशा दाखवणारी ॲपेही प्रश्न पडण्याआधीच उत्तर देतात. ती निरीक्षणाची नोंद झाल्यावर, ताळा म्हणून उघडावीत. या धोक्यावर पदवी हा रामबाण नाही, पदवीधरही पत्रिका पाहतातच. त्यावर मघाची अटच उपयोगी पडते. आपण उद्या आकाशात काय दिसेल म्हणतो ते तारीख-वेळेसह आधी लिहावे, मग पाहावे, आणि चुकले तर चुकले असे त्याच कागदावर नोंदवून दुसऱ्याला दाखवावे. कुंडलीचे भाकीत ही कसोटी कधी देत नाही, ग्रहणाचे भाकीत प्रत्येक वेळी देते. जो विचार या कागदावर उतरत नाही तो कितीही मोठा वाटला तरी तूर्त बाजूला ठेवावा.

पण नोंद पाठवायची कोणाकडे? हा प्रश्न शिकणाऱ्यावर सोडून देता येणार नाही. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत १९८५ पासून खगोल मंडळ आहे, नागपूरला रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे. ही कामे मोलाची आहेत, पण त्यांचा भर स्वाभाविकपणे शहरावर आणि दाखवण्यावर राहतो. आकाश दाखवणारा कार्यक्रम एका रात्रीत संपतो. नोंद तपासून तिला उत्तर देणारा माणूस वर्षभर लागतो, आणि त्याला फार वेळही द्यावा लागत नाही. म्हणून माझे मागणे गावातल्या मुलांकडे नाही, शिकून पुढे गेलेल्यांकडे आहे. भंडारा आणि नागपूरच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी येत्या २१ डिसेंबरला एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली आणि तिची वेळ जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातून मागवावी. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्याकडूनही ती आवर्जून मागवावी, आणि आलेल्या प्रत्येक नोंदीला, चूक कुठे झाली हे दाखवून, उत्तर लिहावे.